वापरलेले की कोरे? अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या स्मारक नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेने १८९२ ते १९५४ या काळात काढलेल्या चांदीच्या स्मारक नाण्यांना नाणेसंग्राहक ‘क्लासिक’ स्मारक नाणी म्हणतात. या नाण्यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जागेअभावी मूळ प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कोलंबसाचे चित्र असलेले १८९३ सालचे अमेरिकी अर्धा डॉलरचे नाणे आहे. ते बरेच झिजलेले आहे. त्याला संग्रहाच्या दृष्टीने काही मोल आहे का, आणि या मालिकेत आणखी कोणती नाणी येतात?

उत्तर : मोल आहे, परंतु ते दुर्मिळतेमुळे नाही. कोलंबसाच्या सागरप्रवासाच्या चारशेव्या वर्षानिमित्त शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले, त्यासाठी निधी उभारावा म्हणून हे नाणे काढण्यात आले, आणि अमेरिकेचे ते पहिलेच स्मारक नाणे ठरले. त्यावर १८९२ आणि १८९३ अशी दोन साले आढळतात. दर्शनी बाजूवरील कोलंबसाचा चेहरा टांकसाळीचे कोरीवकार चार्ल्स बार्बर यांनी, तर मागील बाजूवरील सांता मारिया जहाज आणि त्याखालचे पृथ्वीचे दोन गोलार्ध जॉर्ज मॉर्गन यांनी कोरले आहेत. अर्ध्या डॉलरचे हे नाणे एक डॉलरला विकले जात असे आणि वरचे पैसे प्रदर्शनाच्या तिजोरीत जावेत अशी योजना होती. टंकलेखन यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीने प्रसिद्धीसाठी पहिले नाणे १०,००० डॉलरला घेतले, पण सामान्य प्रेक्षक दुप्पट पैसे मोजायला फारसे राजी झाले नाहीत. परिणामी १८९३ सालची पंचवीस लाखांहून अधिक नाणी वितळवावी लागली, आणि शिल्लक राहिलेल्यांपैकी पुष्कळशी पुढे दर्शनी मूल्यालाच चलनात सोडण्यात आली. वितळवणीनंतरही १८९२ ची ९,५०,००० आणि १८९३ ची १५,५०,४०५ नाणी उरली. आपले नाणे झिजले आहे ते याच कारणाने : कोणीतरी ते खरोखर बाजारात खर्च केले, आणि नंतर ते अनेकांच्या हातांतून फिरले.

त्याचे वजन १२.५० ग्रॅम असावे आणि त्यात नव्वद टक्के चांदी, दहा टक्के तांबे असते. म्हणजे निव्वळ चांदी ११.२५ ग्रॅम भरते, आणि फार झिजलेल्या कोलंबसाची किंमत या चांदीच्या किमतीपासून फार दूर जात नाही. तरीही एखाद्या देशाच्या स्मारक नाण्यांची सुरुवात जेथून झाली ते नाणे इतक्या सहज मिळावे, ही या मालिकेतील मोठी सोय आहे असे मी मानतो.

मालिकेत अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे ४८ प्रकार, पाव डॉलरचा एक आणि एक डॉलरचा एक असे एकूण ५० प्रकार येतात. पाव डॉलरचे नाणे १८९३ चे, स्पेनच्या राणी इसाबेलाचे. ते शिकागो प्रदर्शनाच्या महिला व्यवस्थापक मंडळाने, म्हणजे बर्था पामर यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने, मागून घेतले होते, आणि त्याच्या मागील बाजूवर हातात सूतकताईची काठी घेऊन गुडघे टेकलेली स्त्री आहे. एका डॉलरमध्ये अर्ध्या डॉलरचे नाणे मिळत असताना तेवढ्याच पैशात पाव डॉलर कोण घेणार? त्यामुळे ते कमी खपले आणि अखेरीस केवळ २४,२१४ नाणी उरली. एक डॉलरचे नाणे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले फ्रेंच सेनानी लाफायेत यांचे. त्यावर त्यांच्यासोबत जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे, आणि अमेरिकेच्या नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचे चित्र येण्याची ती पहिली वेळ होती. नाण्यावर १९०० हे साल असले तरी ती सारी नाणी वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या शताब्दीदिनी, १४ डिसेंबर १८९९ रोजी, पाडण्यात आली.

प्रश्न : स्मारक नाणी जपून ठेवण्यासाठीच काढली जातात. मग त्यांत वापरलेली नाणी कशी आढळतात? संग्रह करताना वापरलेली घ्यावीत की कोरीच घ्यावीत?

उत्तर : या मालिकेविषयी विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नाण्यागणिक वेगळे आहे.

नाण्याला झीज येण्याची तीन मोठी कारणे होती. पहिले कारण म्हणजे न खपलेला साठा. कोलंबसाचे वर सांगितलेच आहे, १९२३ च्या मन्रो सिद्धांताच्या नाण्याचेही तसेच झाले. लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने २,७४,०७७ नाणी पाडली, ती अपेक्षेप्रमाणे खपली नाहीत, आणि त्यांतील बरीचशी दर्शनी किमतीला चलनात गेली. दुसरे कारण आर्थिक मंदीचे. १९२० च्या दशकात हौसेने एक डॉलर देऊन घेतलेले नाणे १९३० नंतरच्या ओढग्रस्तीत पन्नास सेंटला खर्च करण्याची पाळी अनेक कुटुंबांवर आली. तिसरे कारण निव्वळ मायेचे आहे : काही लोक आवडीचे नाणे खिशात किंवा पर्समध्ये आठवण म्हणून बाळगत, आणि अशी नाणी बाजारात न जाताही वर्षानुवर्षांच्या घर्षणाने गुळगुळीत होत.

पहिल्या दोन कारणांनी आलेली झीज ही त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि कोलंबस किंवा मन्रो यांचे मध्यम झिजलेले, एकसारख्या करड्या रंगाचे, कधीही न घासलेले नाणे संग्रहात ठेवण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. मन्रोच्या बाबतीत तर मी नवीन संग्राहकाला असे नाणे आधी घ्यायला सांगेन. चेस्टर बीच यांनी या नाण्यासाठी केलेल्या आकृत्यांना उठाव इतका कमी आहे की कोरे नाणेही पहिल्या दृष्टिक्षेपात झिजल्यासारखे वाटते, आणि उत्तम कोऱ्या नाण्यासाठी मोजावी लागणारी किंमत त्या प्रमाणात डोळ्यांना दिसत नाही.

याच्या उलट १९३० च्या दशकातील नाण्यांचे आहे. १९३५ चे हडसन शहराचे आणि ओल्ड स्पॅनिश ट्रेलचे नाणे प्रत्येकी केवळ १०,००८ पाडले गेले होते आणि ते थेट संग्राहकांच्या व व्यापाऱ्यांच्या हाती गेले. अशा नाण्यावर झीज दिसली तर ती चलनातली असण्यापेक्षा निष्काळजी हाताळणीची किंवा पॉलिशच्या फडक्याची असण्याची शक्यता जास्त असते. येथे कोरे नाणेच शोधावे, थोडा वेळ थांबावे लागले तरी चालेल.

या दोहोंच्या मध्ये एक अवस्था आहे, जिच्याकडे नवीन संग्राहक दुर्लक्ष करतात. ज्याला श्रेणीच्या, म्हणजे नाण्याच्या स्थितीला दिलेल्या १ ते ७० पैकी अंकाच्या, भाषेत एयू-५८ (एयू म्हणजे जवळजवळ कोरे) म्हणतात ते नाणे जवळजवळ कोरे असते. केवळ सर्वांत उंच भागावर किंचित घर्षण असते, पण उरलेल्या पृष्ठभागावर टांकसाळीची झळाळी शाबूत असते. दुसरीकडे एमएस-६० किंवा एमएस-६१ श्रेणीचे (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, कोऱ्या नाण्याची श्रेणी) नाणे तांत्रिकदृष्ट्या कोरे असले तरी पोत्यांतून वाहतूक होताना नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणांनी त्याचा चेहरा भरलेला असू शकतो. माझ्या मते पाहण्यासाठी आणि जवळ ठेवण्यासाठी पहिले नाणे बहुतेक वेळा सरस ठरते, आणि ते स्वस्तही पडते. ‘कोरे’ या शब्दासाठी जास्त पैसे देण्यापूर्वी दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहावीत.

प्रश्न : झीज, कच्चा ठसा आणि आपटल्याच्या खुणा यांत फरक कसा ओळखावा?

उत्तर : एकच दिवा, पाच किंवा दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि पुरेसा वेळ एवढे साहित्य लागते. नाणे कडेला दोन बोटांत धरून दिव्याखाली सावकाश फिरवावे. ठसा मारला जाताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्या रेषांवरून परतणारा प्रकाश नाणे फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हा फिरता प्रकाश कोठेही न तुटता उंच भागावरून पुढे जात असेल तर नाणे कोरे आहे. उंच भागावर तो अडतो आणि तेथे धातूचा रंग मंद, करडा दिसतो तेव्हा झीज सुरू झालेली असते. कोलंबसाच्या नाण्यावर त्याची भुवई व गाल, आणि मागील बाजूवर जहाजाची शिडे व गोलार्धांचा वरचा भाग आधी तपासावा.

कच्च्या ठशाची गोष्ट वेगळी असते. दाब कमी पडल्यामुळे साच्यातील सर्वांत खोल जागा धातूने पूर्ण भरत नाही आणि नाण्यावरील सर्वांत उंच भाग अपुरा उमटतो. परंतु तेथे गुळगुळीतपणा नसतो. मूळ चकतीवरचे बारीक खडबडीत वण तसेच राहतात आणि झळाळीही टिकून असते. १९२६ च्या स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षाच्या नाण्यावर हा अभ्यास करावा. त्यावर वॉशिंग्टन यांच्यासोबत त्या वेळी पदावर असलेले राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज आहेत, आणि हयात असताना अमेरिकेच्या नाण्यावर आलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. नाण्याचा उठाव अतिशय उथळ ठेवल्यामुळे तपशील पुसट उमटला आणि सपाट पृष्ठभागावर प्रत्येक ओरखडा ठळक दिसू लागला. दहा लाखांहून अधिक पाडलेल्या या नाण्यांपैकी ८,५९,४०८ वितळवली गेली, तरी साधारण कोरे नाणे आजही सहज मिळते. एमएस-६५ आणि त्यावरचे मात्र खरोखर कठीण.

आपटल्याची खूण ही तुटक, खोल आणि धारदार असते, तर अल्बममधील प्लॅस्टिकची पट्टी वारंवार सरकवल्याने उंच भागावर समांतर बारीक रेषा पडतात. जुन्या संग्रहांतून आलेल्या नाण्यांवर, विशेषतः गालांवर, या रेषा नेहमी शोधाव्यात.

श्रेणीची ही १ ते ७० अंकांची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली होती; पुढे ती सर्वच अमेरिकी नाण्यांना लागू झाली. ६० पासून पुढचे अंक कोऱ्या नाण्यांचे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणे तपासून, श्रेणी देऊन ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, देतात. या संस्थांचा निर्णय अस्सलपणाबाबत फार उपयोगी असतो. श्रेणीच्या एका अंकासाठी दुप्पट पैसे देण्यापूर्वी मात्र पेटीवरील चिठ्ठीपेक्षा आतल्या नाण्याकडे जास्त वेळ पाहावे.

प्रश्न : माझी दोन कोरी नाणी काळी-निळी पडली आहेत. ती स्वच्छ केली तर किंमत वाढेल का?

उत्तर : कृपया करू नये. वाढणे दूरच, बहुतेक वेळा किंमत कायमची घटते.

हवेतील किंवा कागदातील गंधकाशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो, आणि त्याच्या जाडीनुसार आधी सोनेरी, मग लालसर, निळा आणि शेवटी काळा रंग दिसतो. या मालिकेतील अनेक नाणी पुठ्ठ्याच्या कार्डांत बसवून विकली जात, आणि त्या पुठ्ठ्यात गंधकाचा अंश असे. म्हणून काही नाण्यांवर पुठ्ठ्याच्या पट्टीचा आकारच फिकट राहून भोवती रंगांची कडी उमटलेली दिसते. अशी खूण ही नाणे त्याच्या मूळ कार्डात दीर्घकाळ राहिल्याचा पुरावा असते, आणि जाणते संग्राहक तिला दोष मानत नाहीत.

सोड्याची पूड, दंतमंजन, पॉलिश किंवा फडके यांनी घासल्यास पृष्ठभागावर केसासारख्या असंख्य रेषा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. थायोयुरिया आणि आम्ल असलेल्या तयार द्रावणात नाणे बुडवले की घासावे लागत नाही हे खरे, पण काळ्या थराबरोबर ज्या सूक्ष्म रेषांमुळे झळाळी असते त्याही थोड्या विरघळतात. एकदोनदा बुडवलेले नाणे पांढरे लखलखीत दिसते, आणि पुनःपुन्हा बुडवलेले नाणे पांढरेच राहते पण निर्जीव होते. साफ केलेल्या नाण्याला श्रेणी देणाऱ्या संस्था अंक देण्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात, आणि तेच नाणे विकताना तो शेरा फार जड जातो.

अपवाद एकच : मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतील पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर आला असेल तर तो तसाच ठेवू नये, कारण तो धातू खात राहतो. शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घेऊन नाणे त्यात काही वेळ ठेवावे, घासू नये, आणि कोरडे होऊ द्यावे. ॲसिटोनचा चांदीवर परिणाम होत नाही. तो पेट घेणारा पदार्थ असल्याने हे काम ज्योतीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून करावे.

प्रश्न : ग्रँट यांच्या १९२२ च्या नाण्यावर तारा असलेला प्रकार कमी किमतीत मिळत आहे. घ्यावा का?

उत्तर : श्रेणी देणाऱ्या मान्यवर संस्थेच्या पेटीत नसेल तर घेऊ नये. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या जन्मशताब्दीसाठी लॉरा गार्डिन फ्रेझर यांनी केलेले हे नाणे दोन प्रकारांत निघाले. तारा नसलेली ६७,४०५ नाणी आहेत आणि ग्रँट या नावातील शेवटून दुसऱ्या अक्षराच्या, म्हणजे एनच्या, वर खोलगट तारा असलेली केवळ ४,२५६. फरक एका छोट्या खुणेचा आणि किमतीतील दरी मोठी, त्यामुळे साध्या नाण्यावर तारा ठोकण्याचा उद्योग फार जुना आहे. असा तारा ठोकताना धातूवर दाब येतो आणि नाण्याच्या मागील बाजूवर त्याच जागेसमोर सपाटपणा येतो. तो भिंगाखाली शोधावा, आणि ताऱ्याची टोके व आतील पृष्ठभाग खात्रीच्या नाण्याशी ताडून पाहावा. मागील बाजू निर्दोष दिसली एवढ्यावरून नाणे अस्सल ठरवू नये, कारण काही नकली नाणी मुळातच वेगळ्या साच्यातून काढलेली असतात.

प्रश्न : पन्नास प्रकारांचा संच करावा की सर्व साले आणि सर्व टांकसाळींचा १४४ नाण्यांचा?

उत्तर : पन्नास प्रकारांचा. याचे कारण आकडे नीट मांडले की दिसते. १४४ मध्ये अर्ध्या डॉलरची १४२ नाणी आहेत, आणि त्यांतील ८८ नाणी फक्त सहा आकृत्यांची आहेत : बुकर टी. वॉशिंग्टन १८, डॅनियल बून १६, आर्कान्सा १५, ओरेगॉन ट्रेल १४, टेक्सस १३ आणि वॉशिंग्टन-कार्व्हर १२. एकच चित्र साल व टांकसाळीची खूण बदलून पुनःपुन्हा विकत घेण्यात पैसा अडकवण्यापेक्षा तोच पैसा प्रत्येक प्रकाराचे एकेक चांगले नाणे निवडण्यात घालवावा.

ही पुनरावृत्ती झाली कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. नाणी विकण्याचे हक्क कायद्याने एखाद्या समितीला दिले जात, आणि समिती वाटेल त्या किमतीला ती विकत असे. हे गैरप्रकार वाढतील हे ओळखून राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १९३० मध्ये गॅड्सडेन खरेदीच्या नाण्याचे विधेयक नाकारले होते, पण १९३५-३६ मध्ये बांध फुटलाच. बूनच्या १९३५ च्या नाण्यांवर बारीक अक्षरांत १९३४ हे साल जोडून डेन्व्हरच्या टांकसाळीत सुमारे दोन हजार आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत तेवढीच नाणी पाडली गेली, आणि सामान्य संग्राहकांना ती मूळ किमतीत मिळणे जवळजवळ अशक्य झाले. १९३६ चे सिनसिनाटीचे नाणे त्याहून खेदजनक. ते त्या शहराच्या संगीतकेंद्र म्हणून पन्नासाव्या वर्षानिमित्त असल्याचे सांगितले गेले, पण १८८६ साली तसे काही घडल्याचे इतिहासात नाही. तीन टांकसाळींचे ५,००० संच ७.७५ डॉलरला एक याप्रमाणे जाहीर झाले आणि लगेच अनेक पट किमतीने फिरू लागले. प्रामाणिक संग्राहकांचा विश्वास असा वापरला गेला याचे आजही वाईट वाटते. १९३९ मध्ये कायदा करून जुन्या परवान्यांखाली वर्षानुवर्षे नाणी काढत राहण्याची वाट बंद करण्यात आली.

तरीही त्या सहा आकृत्यांतील ओरेगॉन ट्रेल मला अपवाद वाटतो. जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर या दांपत्याने मिळून केलेले ते नाणे, एका बाजूला बैलगाडी आणि दुसऱ्या बाजूला नकाशावर उभा असलेला अमेरिकी आदिवासी, या संपूर्ण मालिकेतील सर्वांत देखणे आहे. कोणाला त्याची चौदाही नाणी जमवावीशी वाटली तर मी अडवणार नाही.

संचाची सुरुवात कोलंबस, पिल्ग्रिम १९२०, मन्रो आणि बुकर टी. वॉशिंग्टन या सहज मिळणाऱ्या नाण्यांपासून करावी. मन्रो वापरलेले, उरलेली तीन एमएस-६३ किंवा ६४ श्रेणीची घेतली तरी पुरे. ग्रँटचा ताऱ्याचा प्रकार पन्नासांत वेगळा मोजला जात नाही, त्यामुळे साधे ग्रँट घेऊन तो विषय मिटतो. हवाई १९२८ हे नाणे शेवटी राहिले तरी चालेल, कारण कॅप्टन कुक यांच्या आगमनाच्या दीडशेव्या वर्षाचे ते नाणे १०,००८ च पाडले गेले आणि पन्नासांच्या संचातील सर्वांत खर्चिक नाण्यांत ते मोडते.

प्रश्न : मूळ कार्ड आणि पाकिटासह एक नाणे मिळाले आहे. नाणे कार्डातच ठेवू का?

उत्तर : नाणे बाहेर काढावे. पुठ्ठ्यातील गंधकाचे काम थांबलेले नसते, आणि आज सुंदर दिसणारी रंगांची कडी काही वर्षांनी काळी होऊ शकते. नाणे पीव्हीसीविरहित, कडक प्लॅस्टिकच्या गोल डबीत ठेवावे, डबीसोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी असावी, आणि लाकडी कपाट टाळावे, कारण काही लाकडांतून बाहेर पडणाऱ्या वाफा चांदीला बाधतात. कार्ड, पाकीट आणि समितीचे पत्र असल्यास तेही, आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात सपाट ठेवावे व कोणते कार्ड कोणत्या नाण्याचे ते बाहेर पेन्सिलीने लिहावे. या कागदांना संग्राहक स्वतंत्र किंमत देतात, आणि नाण्यापासून त्यांची ताटातूट झाली की ती किंमत कमी होते.